बहिऱ्या माणसाचं पुस्तक

त्या वर्षी शाळेत एक कागद आला की हे अपंगांचं वर्ष आहे, तेव्हा प्रत्येक शाळेनं कार्यक्रम घ्यावा. गडचिरोली अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता. आमची आश्रमशाळा एटापल्लीच्याही पुढे, पण मोडायची चंद्रपूर जिल्ह्यात, आणि चंद्रपुराहून निघालेला कागद आमच्यापर्यंत यायला महिना-सव्वा महिना सहज लागायचा. मुख्याध्यापकांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवला.

"बाई, मराठी तुमच्याकडे आहे. 'अपंगांविषयी आपले कर्तव्य' असा एक निबंध फळ्यावर लिहून द्या आणि सातवीकडून पाठ करून घ्या. डिसेंबरात तपासणीला साहेब येतील तेव्हा म्हणायला लावू."

मला तिथं दुसरं वर्ष चाललं होतं. मी ब्रह्मपुरीकडची. छप्पन सालच्या दीक्षेनंतर माझ्या वडिलांनी घरातले देव काढले आणि त्या रिकाम्या कोनाड्यात माझ्या थोरल्या भावाची पाटी ठेवली, असं आई सांगायची. त्या कोनाड्याकडे बघत आम्ही चौघं भावंडं शिकलो. पण आमची बोली पुस्तकातली मराठी नव्हे, हे मला अध्यापक विद्यालयात गेल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात मी उभी राहून "मले नाई समजलं" म्हणाले आणि वर्ग हसला. तेव्हापासून बोलण्याआधी वाक्य मनात एकदा धुऊन घ्यायची सवय लागली. वर्गात उभं राहून भाषा न येणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे असा माझा समज होता.

सातवीत एकोणीस मुलं-मुली होती, सगळी माडिया. घरी गोंडी, वसतिगृहात गोंडी, खेळताना गोंडी. मराठी फक्त वर्गात आणि जेवणाच्या रांगेत. सहा वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती, ती म्हणजे फळ्यावरचं हुबेहूब उतरवणं. अक्षर मोत्यासारखं. लिहिलेल्याचा अर्थ विचारला की मात्र सगळ्या माना खाली.

मी निबंध फळ्यावर लिहिला. त्यांनी उतरवला. मग मी विचारलं, "अपंग म्हणजे काय?"

पुढच्या रांगांनी वह्यांत शोधायला सुरुवात केली. शेवटी मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "बाई, अपंग मंजे लय मोठा साहेब."

"ते कसं काय?"

"यष्टीत त्याची सीट राखीव असते. आमदाराच्या बाजूले."

मी हसले नाही, कारण त्याचं बरोबर होतं. सुट्टीत घरी जाताना आलापल्लीच्या गाडीत तो शब्द त्यानं खिडकीच्या वर वाचला होता. एका सीटवर आमदार, एका सीटवर अपंग. आणि त्या सीटवर बसलेला माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता, तेव्हा तो मोठाच असणार. मी फळा पुसला. हा निबंध पाठ करून घेण्यात अर्थ नव्हता.

ऑफिसात ग्रंथालयाची म्हणून एक लोखंडी पेटी पडलेली असायची. तिच्यात मी शोधाशोध केली. संतांची चरित्रं, शेतीची पुस्तकं, एक फाटका नकाशा, आणि तळाशी वाळवीनं कव्हर खाल्लेलं एक पातळ पुस्तक. एका बहिऱ्या माणसानं लिहिलेली स्वतःच्या आयुष्याची हकीकत. नऊ वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. पुढे तो छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या कामाला लागला आणि दुसऱ्यांची पुस्तकं जुळवता जुळवता म्हातारपणी त्यानं स्वतःचं लिहिलं. पहिलं पान नव्हतंच, त्यामुळे त्याचं नावही आम्हाला कधी कळलं नाही. मुलं त्याला 'पुस्तकवाला बुढा' म्हणायची.

मी ठरवलं, शेवटच्या तासाला रोज दोन पानं वाचायची. अपंग शब्दाचा अर्थ सांगत बसण्यापेक्षा एक माणूस दाखवावा.

हे सोपं नव्हतं. म्हाताऱ्याची मराठी शहरातली. समुद्र, ट्राम, तिसरा मजला, यातलं काहीच मुलांनी पाहिलेलं नव्हतं. मी एक वाक्य वाचायची, मग माझ्या ब्रह्मपुरीच्या बोलीत सांगायची, आणि दुसऱ्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी ते गोंडीत सांगायची. वर्गात सगळ्यांत जास्त मराठी तिला येई, कारण तिचे वडील अहेरीच्या आठवडी बाजारात डिंक आणि मध विकायला तिला सोबत नेत. ती सांगू लागली की वर्ग जागा व्हायचा. मी ज्याला एक वाक्य लावायची त्याला ती चार लावायची, हातवारे करायची, आणि कधी कधी सगळे हसायचे, तेव्हा मला पुस्तकात हसण्यासारखं काय होतं ते कळायचं नाही.

या मुलीच्या शेजारी एक दुसरी मुलगी बसायची. सूरजागडच्या डोंगरापलीकडच्या गावची, वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठी, कारण ती दोनदा नापास झाली होती. तिच्याबद्दल मला जे लिहायचं आहे ते मी अनेक वर्षं टाळलं. ती काही विचारलं की उत्तर द्यायची नाही, किंवा भलतंच द्यायची. नाव पुकारलं तरी बसून राहायची. आणि मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. आमच्या गावात मोठ्या माणसाच्या तोंडाकडे असं बघणाऱ्या पोरीला उद्धट म्हणतात. मी तिला पट्टीनं मारलं होतं. दोनदा, तीनदा, आता आठवत नाही. आणि मारण्यापेक्षा वाईट म्हणजे मी तिला दर वेळी हनुवटीखाली पट्टी लावून सांगायची, "डोळे खाली कर. खाली बघून ऐक." प्रगतिपत्रकात मी तिच्यापुढे 'मंद' असं लिहिलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही चौथ्या का पाचव्या प्रकरणावर आलो. त्यात म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की कान गेल्यावर तो शाळेत परत गेला तेव्हा मास्तरांच्या मिश्यांनी त्याचा घात केला. मिश्या इतक्या दाट होत्या की ओठ दिसत नसत, आणि ओठ दिसले नाहीत तर त्याच्यासाठी मास्तर मुके. तो रोज देवाला सांगायचा की मास्तरांना मिश्या काढायची बुद्धी दे. मुलं हसली की तोही हसायचा, पण क्षणभर उशिरा. एकदा असाच हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की सगळे त्यालाच हसत होते.

माझं हे सांगून झालं. चुणचुणीत मुलीनं गोंडीत सुरुवात केली आणि मध्येच थांबली. तिनं शेजारणीकडे पाहिलं. मग सगळा वर्ग त्या मुलीकडे बघू लागला. आपल्याकडे सगळे का बघतात ते तिला कळेना, तेव्हा मैत्रिणीनं तिच्यासमोर जाऊन, तोंड तिच्याकडे करून, सावकाश सगळं पुन्हा सांगितलं. मिश्यांपर्यंत आल्यावर ती मुलगी मोठ्यानं हसली. नंतर एकाएकी गप्प झाली आणि पुस्तकाकडे बोट करून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"थे मनते, ह्या बुढ्याले माह्याबद्दल कोणं सांगतलं?"

मला अजूनही कळलं नव्हतं. मैत्रीण माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हे तं इचंच लिवलं हाय. इले आयकू नाई येत."

"कधीपासून?"

"पयलेपासून."

मग एकेक जण सांगू लागलं. तिला उठवायचं असलं की जमिनीवर टाच आपटायची. तिच्याशी बोलायचं तर उजेडाकडे तोंड करून बोलायचं. रांगेत तिचा नंबर आला की मागची मुलगी पाठीला बोट लावते. सहा वर्षं बाकीची अठरा मुलं हे सगळं करत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर करत होती.

"मग मले सांगितलं काऊन नाई?" माझ्या तोंडून पुस्तकी मराठी पार निघून गेली होती.

मैत्रीण जरा गोंधळली. "आमाले वाटलं, तुमाले माहीत हाय. मनूनच मारता."

मी खुर्चीवर बसले. वर्गात उभं राहून भाषा न कळणं मला ठाऊक आहे असं मी समजत होते. मी तिला 'खाली बघून ऐक' म्हणायची तेव्हा तिचे कानच बंद करत होते. मी उठून तिच्यासमोर गेले, ओठ दिसतील असं तोंड केलं आणि म्हणाले, "माझं चुकलं." तिनं मैत्रिणीकडे पाहिलं, मैत्रिणीनं गोंडीत सांगितलं. मग तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. पट्टी टेबलावर पडली होती ती उचलून तिनं खिडकीतून बाहेर टाकली. मी ती पट्टी परत आणायला कोणालाही पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी टेबल हलवलं, उजेड माझ्या तोंडावर पडेल असं. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय मोडायला मात्र मला दोन महिने लागले. मी विसरले की ती टाच आपटायची. पहिल्यांदा आपटली तेव्हा मुलं दचकली. पुढे माझ्यासाठी सगळेच आपटू लागले.

तिला चंद्रपूरला दाखवायचं ठरलं. कानाचा डॉक्टर त्याच्या अलीकडे कुठेच नव्हता. तिच्या वडिलांना निरोप धाडला. ते दोन दिवस चालत आले, एक उंच, शांत माणूस, खांद्यावर कुऱ्हाड. आम्ही तिघं आलापल्लीहून गाडीत बसलो. गाडीत ती राखीव सीट रिकामी होती. मी तिला तिथं बसायला सांगितलं. ती वरची अक्षरं वाचून माझ्याकडे बघायला लागली, मग ठामपणे मान हलवून वडिलांजवळ जाऊन उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "पोरगी तं धडधाकट दिसते, बाई." मी तिघांची तिकिटं काढली.

डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले. "लहानपणी कान वाहत होता?"

"वाहे," वडील म्हणाले. "आमी तेल कोमट करून टाकलं."

"पडदे गेलेत. उजव्यात थोडंफार उरलंय. मशीनसाठी अर्ज लिहून देतो, पण वेळ लागेल." मग ते माझ्याकडे वळले, "इथं मुक्या-बहिऱ्यांची शाळा आहे. तिथं घाला. इशाऱ्यांची भाषा शिकेल, ओठ वाचायला शिकेल."

मला हे एकदम पटलं. बाहेर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी वडिलांना समजावू लागले. राहायचं, जेवायचं सगळं फुकट, तिथं सगळी मुलं तिच्यासारखीच. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"तिथी आमची बोली कोण बोलते?"

"कोणी नाही. मराठी बोलतात."

"बाई, माही पोरगी तोंड वाचते. पन कोनाचं? आमच्या बोलीचं वाचते. माह्या तोंडाचं, तिच्या मायच्या तोंडाचं, त्या मैतरनीच्या तोंडाचं. तुमची मराठी तिच्या डोयात बसत नाई, मनून तं नापास झाली. तिथी सगळेच तसे. तिले तिथी नेऊन आनखी बहिरी करता काय?"

मी त्यांना हट्टी समजले. परतल्यावर रात्री अंथरुणातून उठून मी मुलांकडून कानावर पडलेलं गोंडीतलं एक वाक्य आरशासमोर बोलून पाहिलं, मग तेच मराठीत. ओठ वेगळेच हलत होते. एवढी साधी गोष्ट, पण ती मला कोणत्याही विद्यालयात शिकवली नव्हती. त्या चंद्रपूरच्या शाळेत ती गेली असती तर कदाचित फार पुढे गेली असती, हेही खरं असेल. मला आजही ठरवता येत नाही. पण तिच्या वडिलांना अडाणी म्हणायचा हक्क माझा त्या दिवशी संपला.

मग मीच गोंडी शिकायला बसले. जेवणानंतरच्या सुट्टीत मुलं मला घेरून बसत आणि ओठ कसे करायचे ते शिकवत. मी चुकले की हसत. मुख्याध्यापक दारातून बघून जात. "बाई, अभ्यासक्रम कोण पुरा करणार?" ते म्हणत. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, पण त्यांना आदल्या वर्षीच्या निकालाचं उत्तर द्यायचं होतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बोललेल्या मराठीशी तिचं जमत नसलं तरी लिहिलेल्या मराठीशी जमायला लागलं होतं. अक्षरं जागेवर बसून राहतात, कोणी तोंड फिरवलं म्हणून ती दिसेनाशी होत नाहीत. आमची दोन पानं वाचून झाली की ती पुस्तक घरी नेल्यासारखं वसतिगृहात न्यायची आणि कळलेलं पुन्हा बोट ठेवून वाचायची. तिला अडलेल्या शब्दांची चिठ्ठी सकाळी माझ्या टेबलावर असायची. 'उपकार मंजे काय.' 'बिचारा मंजे काय.' बिचारा हा शब्द म्हाताऱ्यानं फार वेळा लिहिला होता. मी समजावून सांगितला. तिला तो आवडला नाही.

नोव्हेंबर संपता संपता शालीचं प्रकरण आलं. म्हाताऱ्याला एका समारंभात बोलावलं होतं. स्टेजवर खुर्ची, खांद्यावर शाल. एक गृहस्थ त्याच्याविषयी अर्धा तास बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन बायकांनी डोळे पुसले. घरी येताना त्यानं सोबत्याला विचारलं, काय बोलले माझ्याबद्दल? सोबती म्हणाला, चांगलंच बोलले. बस्स. ते काय होतं ते म्हाताऱ्याला पुस्तक लिहीपर्यंत कळलं नव्हतं.

मुलांना हे अजिबात सहन झालं नाही. "पुढच्या पानावर असंन," एक जण म्हणाला, आणि आम्ही खरंच पुढची पानं उलटून पाहिली. नव्हतं. "त्यानं आपनच इचारायले पायजे होतं," एकीनं म्हटलं. "सोबत्यानं सांगायले पायजे होतं," दुसरा म्हणाला. त्या दिवशी एकोणीस मुलांनी मराठीत वाद घातला, चुकत, अडखळत, पण मी एकही चूक सुधारली नाही.

नेमकं त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. साहेब येण्याची तारीख ठरली होती. "निबंध नाही तर नाही, पण आता आपल्याकडे खरी अपंग मुलगी आहे. तिला स्टेजवर बसवू. साहेबांच्या हातून हार आणि कापड देऊ. मी दोन शब्द बोलेन तिच्याविषयी."

मी म्हणाले, तिला विचारून सांगते. त्यांना ते विचित्र वाटलं. मी विचारलं. तिनं पाटीवर लिहिलं आणि पाटी घेऊन स्वतः ऑफिसात गेली. पाटीवर होतं, 'मी खुरचीवर बसनार नाई. रांगेत उबी राईन.' तिची मैत्रीण मागोमाग गेली आणि दारातून म्हणाली, "गुरुजी, तिच्याबद्दल काय बोलनार हाय, ते तिले आधी सांगा." मुख्याध्यापकांनी पाटी वाचली, चष्मा काढला, परत घातला. चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण खुर्ची मांडली नाही.

कार्यक्रम मैदानात झाला. साहेब जीपनं आले, पन्नाशीचे, धुळीनं खोकत. मुलं अर्धगोलात उभी होती. ती मुलगी एका टोकाला आणि मैत्रीण दुसऱ्या टोकाला, म्हणजे दोघी एकमेकींच्या समोर. मला वाटलं, उंचीप्रमाणे उभ्या राहिल्या असतील. साहेब बोलू लागले तेव्हा मी पाहिलं की मैत्रिणीचे ओठ हलत आहेत, आवाज नाही. ती त्यांचं भाषण इकडून तिकडे गोंडीत पोचवत होती.

साहेब म्हणाले, "अपंग बांधवांनो, शासन तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे."

आणि ती मुलगी हसली. तिचं हसणं मोठं असायचं, तिला त्याचा अंदाज नसायचा. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. साहेब थांबले. "काय झालं? काय म्हणाली ती?"

मी पुढे होणार इतक्यात मैत्रीण म्हणाली, "साहेब, थे मनते, मांगं उभे राहाल तं मले दिसाल कसे? समोर या मना."

एखादा चिडला असता. साहेब टेबलाला वळसा घालून खाली आले आणि तिच्यासमोर, हातभर अंतरावर उभे राहिले. भाषणाचा कागद टेबलावरच राहिला होता. त्यांनी एकदा मागे वळून टेबलाकडे पाहिलं. शेवटी त्यांनी विचारलं, "जेवण बरं मिळतं का?"

मैत्रिणीनं गोंडीत केलं. ती मुलगी मराठीत म्हणाली, सपाट, मोठ्या आवाजात, "वरन पातळ हाय."

आधी स्वयंपाकघरातल्या बाया हसल्या, मग मुलं, मग साहेब. मुख्याध्यापकही हसले, जरा कष्टानं. पुढे पंधरा दिवस वरण घट्ट मिळालं.

पुस्तक जानेवारीत संपलं. शेवटच्या प्रकरणात म्हाताऱ्यानं, आपण आयुष्यात काय गमावलं ते लिहिलं होतं. पाखरांचा आवाज, समुद्राची गाज, बायकोचा गळा. मला वाचताना भरून आलं. मी मुलांना विचारलं, तुम्हाला काय वाटलं, एकेक पान लिहा. बहुतेकांनी लिहिलं की बुढा चांगला होता. तिनं अर्धं पान लिहिलं. शुद्ध करून सांगते. म्हातारा पाखरांसाठी रडतो, पण त्यानं ती नऊ वर्षं ऐकली होती. मी ऐकल्याचं मला आठवत नाही, म्हणून मला त्यांचं दुःख नाही. मला फक्त एवढंच हवं असतं, की माणसं हसली की कशाला हसली ते कोणीतरी लगेच सांगावं. नंतर सांगितलं तर हसू शिळं होतं. खाली एक ओळ आणखी होती: बुढ्याला आमच्या वर्गात बसवायला पाहिजे होतं.

ती सातवी पास झाली, मराठीत काठावर. प्रगतिपत्रकात मी आधीचा शब्द खोडला आणि त्यावर सही केली. मशीन परीक्षेच्या तोंडावर आलं होतं, छातीवर अडकवायची पेटी आणि वायर. पत्र्याच्या छपराखाली ते लावलं की सगळाच कल्ला मोठा व्हायचा. "लय गर्दी होते," म्हणून तिनं अकरा दिवसांत काढून ठेवलं. पुढची शाळा अहेरीत. मैत्रीण गेली, हिला वडिलांनी पाठवलं नाही. मी गावापर्यंत जाऊन भांडले. उपयोग झाला नाही, आणि या वेळी मला त्यांचं म्हणणं पटलंही नाही.

चार-पाच वर्षांनी, गडचिरोली जिल्हा होऊन बरेच दिवस झाल्यावर, माझी बदली खाली चंद्रपूरकडच्या मूल गावी झाली. निघण्याआधी, मोहाची फुलं वेचून झाली होती त्या दिवसांत मी तिच्या गावी गेले. तिचं लग्न झालं होतं, त्याच गावात. अंगणात चारोळी सोलत बसली होती. मला बघून उठली, मी समोर येईपर्यंत थांबली आणि मग बोलली.

आम्ही बसलो असतानाच जंगलाचा गार्ड सायकलवर आला. माणसं जमली. तो म्हणाला, "औंदा इथून बांबू तोडायचा नाई. वरून हुकूम हाय." जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं तिच्याकडे हात केला. ती पुढे झाली आणि गार्डला म्हणाली, "बोलू नको. लिवून दे."

"लिवाचं काय? सांगून राह्यलो ना."

तिनं कानाकडे बोट केलं. "मले आयकू नाई येत. गावात वाचनारी मीच."

"मंग यांना सांगतो, हे तुले सांगतीन."

"आमी काऊन सांगाव?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "लिवून खाली सही कर, कागद दे, थे वाचते."

ते नेहमीचंच असावं, कारण कोणाला हसू आलं नाही. गार्डनं खिशातून वही काढली, पेन्सिल ओली केली, एक ओळ लिहायला सुरुवात केली आणि थांबला. सगळं गाव त्याच्या हाताकडे बघत होतं. त्यानं वही मिटली. "साहेबाले इचारून येतो," म्हणाला आणि सायकल फिरवून निघून गेला.

ती परत येऊन चारोळीपुढे बसली. मी विचारलं, तोंड तिच्याकडे करून, सावकाश, माझ्या मोडक्यातोडक्या गोंडीत, की असे किती जण परत गेले. तिनं बोटांवर मोजायला घेतलं, मग कंटाळून सोडून दिलं आणि मला विचारलं, जेवली का?